पुराव्यासाठी आणखी मुदत मिळेल का? रोजनाम्यात 'शेवटची संधी' लिहिलंय आणि कागद अजून रेकॉर्ड रूममध्येच आहे

कृष्णाकाठची_लेक
नमस्कार मंडळी. आईच्या दाव्याबद्दल विचारायचंय, जरा लांब होईल पण सगळं लिहिल्याशिवाय कळणार नाही.

आई वादी, धाकटे मामा प्रतिवादी. वाटपाचा दावा आहे, वरिष्ठ स्तर दिवाणी कोर्टात २०२१ ला दाखल केला. आजोबा १९८६ ला गेले, त्यानंतर १९८७ ला एक फेरफार (जमिनीच्या नोंदीतला बदल) झाला आणि आईचं नाव सातबाऱ्यावरून गेलं. त्या फेरफारात एकच ओळ आहे, बहिणीने तलाठ्यासमोर समक्ष जबाब देऊन हक्क सोडला अशी. मामांनी कैफियतीत (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात) लिहिलंय की आईने जबाबावर अंगठा दिला. आता आई सातवी पास, लग्नाच्या आधीपासून पोस्टाच्या पासबुकावर सही करते, आयुष्यात कधी कुठे अंगठा दिलेला नाही. आणि फेरफारात जबाबाची जी तारीख आहे तिच्या दोनच दिवस आधी माझा भाऊ मुंबईत जन्मला. जन्माचा दाखला आमच्याकडे आहे. बाळंतीण बाई दोन दिवसांत एसटीने गावी जाऊन अंगठा देऊन आली का?

हे दाखवायला तो मूळ जबाब समोर यायला हवा. फेरफाराची नक्कल मिळाली, पण त्यामागचे कागद म्हणजे वर्दी (तलाठ्याकडे दिलेली खबर), जबाब, नोटीस यातलं काही मिळत नाहीये. तहसीलच्या रेकॉर्ड रूमला गेल्या जूनपासून तीन नक्कल अर्ज दिले. एकदा म्हणाले गठ्ठे हलवलेत, एकदा माणूस नाही, एकदा काही उत्तरच नाही.

इकडे कोर्टात दावा आमच्या पुराव्याला लागलाय. दोन तारखा मुदतीचे अर्ज दिले, दुसऱ्याला ५०० रुपये कॉस्ट (समोरच्याला द्यायचा खर्च) बसली आणि रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, 'शेवटची संधी' असं आलं. पुढची तारीख तीन आठवड्यांवर आहे. आमचे वकीलसाहेब म्हणतात आता मुदत मिळायची नाही, आहे त्यावर पुरावा देऊन तो संपल्याची पुरशीस (लेखी सूचना) देऊ. ते चांगले आहेत, फसवत नाहीत, पण आईला रात्र रात्र झोप नाही. तीनदाच मुदत मिळते हे खरं का? आणि कागद आपल्या हातात नसून सरकारच्या हातात असेल तर कोर्ट ते बघतं का?

दिवाणी_बाजू
ताई, २२ वर्षं तालुका आणि जिल्हा कोर्टात दिवाणी बाजूच बघतोय. तुमच्या वकिलांच्या कामात पाय घालत नाही, पण हे त्यांच्यासोबत बसून बोला.

आधी तीनाचं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १७ मध्ये २००२ पासून तसं परंतुक आहे, सुनावणी चालू असताना एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नये. पण २००५ ला सेलम बारच्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की पक्षाच्या हाताबाहेरची खरी अडचण असेल तर तीननंतरही देता येते, कॉस्ट मात्र लावायची. म्हणजे दार पूर्ण बंद नाही. पण २०११ चा शिव कोटेक्सचा निकालही लक्षात ठेवा. तिथे वादीला तीन तारखा मिळूनही त्याने पुरावा दिला नाही, दावा फेटाळला गेला, हायकोर्टाने पुन्हा संधी दिली होती ती सुप्रीम कोर्टाने काढून घेतली. तेव्हा मुदत हा हक्क आहे असं समजून तारखेला उभं राहू नका.

आता मुख्य. तुमचे आधीचे दोन अर्ज कसे लिहिले होते? मी पैजेवर सांगतो, 'आवश्यक कागदपत्रे प्राप्त झाली नाहीत सबब मुदत मिळावी', खाली सही, संपलं. असे अर्ज न्यायाधीशांकडे रोज वीस-पंचवीस येतात आणि त्यातले अर्धे नुसते तारीख काढायला आलेले असतात. तुमचा खरा आहे हे त्यांना कळणार कुठून? कोणता कागद, फेरफार नंबर काय, तो कागद कोणत्या मुद्द्यावर लागतो, कोणत्या तारखेला कुठे अर्ज दिला, त्याची पोच, मधल्या काळात किती हेलपाटे घातले आणि आता नेमके किती दिवस लागतील, हे सगळं शपथपत्रावर पाहिजे आणि तिन्ही नक्कल अर्जांच्या पोचपावत्या सोबत यादीने दाखल पाहिजेत. कोर्ट बघतं ते मधल्या काळात तुम्ही काय हालचाल केली.

दुसरं, नुसती मुदत मागूच नका. त्याच दिवशी आदेश १६ खाली रेकॉर्डसह साक्षीदार समन्सचा अर्ज द्या, तहसीलदारांच्या नावे, फेरफार नंबर घालून. साक्षीदार यादीत नाव नसेल तर उशिराने परवानगी मागता येते, कारण द्यावं लागतं, ते तुमच्याकडे आहे. साक्षीदाराचा भत्ता लगेच भरा. तहसीलदार स्वतः यायची गरज नसते, कागद घेऊन कारकून आला तरी चालतं. समन्स निघालं की मुदत सहसा लागते आणि ती मुदत 'वादी तयार नाही' म्हणून लागत नाही, समन्सच्या बजावणीसाठी लागते. या दोन्हीत फार फरक आहे.

तिसरं, आईचं सरतपासणीचं (आपल्या बाजूच्या पहिल्या साक्षीचं) शपथपत्र त्याच तारखेला दाखल करून टाका. जन्माचा दाखला, पासबुक, फेरफाराची नक्कल एवढ्यावर आईची साक्ष उभी राहते. हातात काहीच नसताना मुदत मागणारा आणि अर्धा पुरावा टेबलावर ठेवून उरलेल्यासाठी मुदत मागणारा, कोर्ट या दोघांना एकसारखं बघत नाही. काहीच दिलं नाहीत तर आदेश १७ नियम ३ खाली आहे त्या रेकॉर्डवर निकाल द्यायला कोर्ट मोकळं आहे.

नदीपलीकडे
वकीलसाहेब, एक शंका. हक्क सोडला हे मामा म्हणतायत ना, मग ते सिद्ध करायचं काम मामांचं नाही का? ताईंनी कशाला रेकॉर्ड रूमच्या पायऱ्या झिजवायच्या?

दिवाणी_बाजू
बरोबर पकडलंत. हक्कसोड झाली हे सांगणाऱ्यानेच ती सिद्ध करायची. आणि तलाठ्यासमोरच्या जबाबाने स्थावरातला हक्क जात नाही, त्याला नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. फेरफाराने मालकी ठरत नाही हे तर कोर्टांनी इतक्यांदा सांगितलंय की मोजायची सोय नाही. मामा आता जुन्या तोंडी वाटणीचं काही म्हणत असतील तर २०२० चा विनीता शर्मा निकाल वाचायला सांगा. वडील २००५ च्या आधी गेले असले तरी मुलीचा हक्क राहतो आणि नुसतं 'तोंडी वाटप झालं होतं' हे सहजासहजी मानायचं नाही असं तिथे स्पष्ट आहे.

म्हणजे तो कागद नाही मिळाला तरी दावा बुडत नाही, हे आईला आज रात्री सांगा.

तरी मी तो कागद शोधा म्हणतो त्याचं कारण वेगळं आहे. आई पिंजऱ्यात उभी असताना समोरच्या वकिलांनी अचानक एखादा कागद पुढे केला, हा अंगठा तुमचाच ना म्हणून, तर सत्तरीची बाई गोंधळते. उलटतपासणीत साक्षीदाराला दाखवायचा कागद आधी दाखल केलेला असावाच लागतो असं नाही. तो जबाब आपण आधी बघितलेला असणं यासाठी महत्त्वाचं. आणि खरंच अंगठा असेल तर आईच्या ठशाशी तज्ज्ञाकडून तपासून घेता येतो, आदेश २६ मध्ये तशी सोय आहे.

निवृत्त_अव्वल_कारकून
मी महसुलात ३४ वर्षं काढली, त्यातली सहा रेकॉर्ड रूमला. दोन्ही बाजू सांगतो.

ताई तुम्ही अर्जात काय लिहिलंत? 'आजोबांच्या जमिनीचे सन १९८७ चे कागद' असं लिहिलं असेल तर बिचारा रेकॉर्ड कीपर शोधणार काय. तिथे माणसाच्या नावाने काही सापडत नाही. गाव, फेरफार क्रमांक, मंजुरीची तारीख आणि मंजूर करणारे सर्कल (मंडळ अधिकारी) की तहसीलदार, एवढं द्या. फेरफार नोंदवही म्हणजे गाव नमुना ६, ती जपलेली असते आणि आता बहुतेक स्कॅनही झाली, 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर दिसते. पण त्यामागची वर्दी आणि जबाब वेगळ्या गठ्ठ्यात असतात, गावनिहाय, फडक्यात बांधलेले, आणि फडक्याच्या बाहेर चिठ्ठी असते ती उंदराने खाल्ली की संपलं. वारसाचा फेरफार असेल तर ६-क च्या रजिस्टरलाही बघा, वारस ठराव तिथे असतो आणि त्यात कोण कोण हजर होतं ते कधी कधी लिहिलेलं सापडतं.

दुसरी गोष्ट मनाला लागेल पण सांगतो. सगळे कागद कायम ठेवायचे नसतात. अ वर्ग कायम, बाकीच्यांना ठरावीक मुदत, ती संपली की नाश करायचा आणि त्याची यादी ठेवायची. तुमचा जबाब कदाचित नाश झालेला असेल. तसं असेल तर लेखी घ्या. 'सदर अभिलेख शोध घेता मिळून येत नाही' हे पत्रसुद्धा कोर्टात पुरावाच आहे. तोंडी 'नाही मिळत' ऐकून परत फिरू नका, ही चूक मी हजारो लोकांना करताना बघितली आणि आमच्यातल्या काहींना ती सोयीची असायची, खोटं का बोलू.

माहिती अधिकाराचा अर्ज द्या, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. त्यात 'अभिलेख पाहणी'सुद्धा मागा, नुसती प्रत नको. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर प्रथम अपील. पाहणीला स्वतः जा, हातात पेन्सिल आणि वही. शोधणाऱ्या माणसाशी नीट बोला, तो दिवसभर धुळीत असतो.

वाट_पाहणारी
मी दुसऱ्या बाजूने लिहितेय, राग मानू नका.

आमच्या दाव्यात समोरचे लोक सहा वर्षं 'कागद मिळवायचे आहेत' म्हणून तारखा घेत होते. एकदा वकील आजारी, एकदा मोजणीचा नकाशा आला नाही, एकदा साक्षीदार परगावी. कॉस्ट २०० रुपये, ती भरायची आणि हसत निघून जायचं. बाबांची सरतपासणी झाली होती, उलटतपासणी अर्धी झाली होती, उरलेली पुढच्या तारखेला, मग त्याच्या पुढच्या, आणि मधल्या पावसाळ्यात बाबा गेले. अर्ध्या उलटतपासणीच्या साक्षीला किती वजन द्यायचं यावर आता आमचे वकील भांडतायत. बाबा प्रत्येक तारखेला पांढरा शर्ट इस्त्री करून जायचे. कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर दिवसभर बसून साडेपाचला परत.

तुमचं कारण खरं आहे हे वाचूनच कळतं. म्हणूनच सांगते, मुदत मागाल ती मोजून मागा, तारीख सांगा, आणि समोरच्याला कॉस्ट द्यायची तयारी स्वतःहून अर्जात लिहा. आणि दुसरं, ज्यांना हे सगळं आठवतंय असं म्हातारं माणूस तुमच्याकडे कोणी आहे का? कागद मिळायला उशीर झाला तरी तो कागद आहे, उद्याही असेल. माणसाचं तसं नसतं. आम्ही कागदाकडे बघत बसलो.

कृष्णाकाठची_लेक
तुमचं लिहिलेलं वाचून आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

आहे एक माणूस. आजोबांची धाकटी बहीण, आईची आत्या. वय ८६. त्या वेळी त्याच वाड्यात राहायची, आई मुंबईला होती आणि बाळंतपणानंतर पाच महिने गावी आलीच नाही हे तिला स्पष्ट आठवतं, बारशाला तीच मुंबईला गेली होती. पण गुडघे गेलेत, खाटेवरून उठवावं लागतं, कोर्टात आणणं कठीण. आम्ही ठरवलं होतं आधी कागद येऊ दे, मग आत्याचं बघू. वकीलसाहेबही तेच म्हणाले होते.

दिवाणी_बाजू
उलटं करा. आत्या आधी.

साक्षीदार आजारी किंवा अशक्त असेल तर आदेश २६ खाली कोर्ट कमिशनर नेमतं, तो घरी येऊन साक्ष नोंदवतो आणि समोरचे वकील तिथेच उलटतपासणी करतात. डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा, वय आणि दुखणं दोन्ही लिहिलेलं. साक्षीदार हातचा जायची भीती असेल तर ताबडतोब साक्ष घ्यायची तरतूद आदेश १८ नियम १६ मध्येही आहे. कमिशनरची फी तुम्हाला भरावी लागेल, ती भरा, मागेपुढे बघू नका. उलटतपासणी त्याच बैठकीत पूर्ण व्हावी अशी विनंती अर्जातच करा, वाट पाहणारी ताईंचं ऐकून हे मुद्दाम सांगतोय.

आणि हेच तुमच्या मुदतीच्या अर्जाला बळ देईल. एका हाताने ८६ वर्षांच्या साक्षीदाराला लवकर तपासा म्हणताय आणि दुसऱ्या हाताने एका सरकारी कागदापुरती मुदत मागताय, म्हणजे दावा लांबवायचा हेतू नाही हे वेगळं सांगावं लागत नाही.

एक विचारायचं राहिलं, अंगठ्याची आणि मुंबईची गोष्ट दाव्यात लिहिलीय ना? नसेल तर पुरावा आणून उपयोग नाही, आधी दुरुस्ती लागेल आणि साक्षीपुरावा सुरू झाल्यावर दुरुस्ती सहज मिळत नाही.

कृष्णाकाठची_लेक
लिहिलीय, सहाव्या परिच्छेदात आहे, आत्ता काढून बघितलं.

पुणे_नोकरी
आणि एवढं करूनही अर्ज नामंजूर झाला तर? माझ्या काकांचा झाला होता, 'पुरावा बंद' असा आदेश झाला आणि पुढे काय करायचं कोणी सांगितलंच नाही, चार महिने गेले.

दिवाणी_बाजू
चार महिने घालवायचे नाहीत, हे पहिलं. त्याच कोर्टात पुरावा पुन्हा उघडायचा अर्ज देता येतो, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५१ खाली, २०११ च्या वेलुसामी निकालात त्याचे निकष आहेत. सोबत जो पुरावा द्यायचाय तो तयार ठेवून जायचं, रिकाम्या हाताने नाही. तिथेही नाही झालं तर घटनेच्या अनुच्छेद २२७ खाली हायकोर्ट. दावा हरल्यावर अपिलात जादा पुरावा मागता येतो असं लोक सांगतात, येतो, पण तिथेही 'खालच्या कोर्टात काळजीपूर्वक प्रयत्न केला होता का' हेच विचारतात. म्हणून त्या पोचपावत्या सोन्यासारख्या जपा.

कृष्णाकाठची_लेक
आज तारीख होती, घरी आल्या आल्या लिहितेय.

मधल्या काळात फेरफार नंबर घालून नवीन नक्कल अर्ज दिला, माहिती अधिकाराचा अर्ज दिला आणि पाहणीची वेळ मागितली. कारकून काकांनी सांगितलं तसं वही घेऊन गेले. तिथल्या एका शिपाईदादांनी दोन तास सोबत शोधलं, आमच्या गावाचे १९८५ ते १९९० चे गठ्ठे काढले. जबाब सापडला नाही. पण ६-क च्या रजिस्टरला आजोबांच्या वारसात आईचं नाव आहे, पाचवी ओळ, माहेरच्या नावाने, आणि हजर असल्याच्या रकान्यात तिच्यापुढे काही नाही. मोकळा आहे. मी तिथेच खाली बसले.

वकीलसाहेबांनी सगळे मुद्दे शांतपणे ऐकून घेतले आणि अर्ज नवीन लिहिला, साडेतीन पानी, सोबत सात पोचपावत्यांची यादी. आईचं शपथपत्र आज दाखल झालं. समोरच्या वकिलांनी म्हणण्यात (अर्जाला दिलेल्या उत्तरात) लिहिलं की वादी वेळकाढूपणा करतात, अर्ज खर्चासह नामंजूर व्हावा. न्यायाधीश मॅडमनी यादी स्वतः चाळली, आधीच्या दोन अर्जांच्या वेळी हे का दाखल केलं नाही असं विचारलं. वकीलसाहेबांनी चूक आमची आहे असं सरळ सांगितलं. मग एक हजार रुपये कॉस्ट, पाच आठवडे, तहसीलदारांना ६-क आणि फेरफाराच्या कागदांसह समन्स, आणि कागद नसल्यास तसं लेखी घेऊन यायचं असा आदेश. भत्ता दुपारीच भरला.

आत्यासाठी कमिशनर नेमलेत, पुढच्या शनिवारी घरी येतील. आत्याला सांगितलं तर म्हणाली, कोर्ट घरी येणार म्हणजे नऊवारी कुठली नेसू ते बघ आधी.

वाट_पाहणारी
शनिवारी आत्यांची उलटतपासणी पूर्ण झाली की इथे एक ओळ नक्की लिहा.